लग्नपत्रिकांच्या पाठीवरचा कोश

सर,

कार्डं राहिलेली नाहीत. काकूंनी ती नदीत सोडली, आणि तीही आत्ता नाही, तुमचं वर्षश्राद्ध झाल्यावर लगेच. मला आज कळलं. वाक्य एवढंच आहे आणि त्यात काही चूक नाही, तरी दुपारपासून मी ते पुन्हा पुन्हा तपासते आहे. कुठेतरी एखादा शब्द चुकीचा निघेल आणि अर्थ बदलेल असं वाटत राहतं.

सकाळी मी पुण्याहून स्कॅनर घेऊन निघाले. पानाला न दाबता वरून टिपणारा, उंच मानेचा. कुंभाच्या कामांसाठी गंगापूर रोड जागोजागी खणलेला आहे, त्यामुळे रिक्षावाल्याने अलीकडेच उतरवलं आणि मी ते यंत्र दोन्ही हातांत धरून सोसायटीपर्यंत चालत आले. काकूंनी दार उघडलं, यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हाई काय शे? शिलाई मशीन आणलंस का? बठ वं माय, बठ आधी." सटाण्याची अहिराणी त्यांच्या तोंडून अजून अशीच निसटते, माणूस दारात आल्याबरोबर, आणि मग त्या आमच्या मराठीवर येतात. मी पाणी प्यायले, तुमच्या खोलीत गेले, वायर उलगडायला घेतली आणि लोखंडी कपाट उघडलं. आत गोधड्या होत्या. खालच्या कप्प्यात पुरणयंत्र, आकाशकंदील, पापडांचे डबे. दुसरं कपाट उघडलं. त्यातही गोधड्या.

"काकू, सरांची कार्डं कुठे हलवलीत?"

"कुठली गं?"

"या कपाटातली. शब्दांची."

"ती होय! ती मी गंगेला दिली."

"सगळी?"

"सगळी म्हणजे काय? अर्धे गणपती ठेवतात का कुणी घरात?"

त्यानंतर मी काय केलं ते मला अजून उलगडलेलं नाही. मी विचारलं, "कोरडी होती का?" काकू म्हणाल्या, "म्हणजे?" मी म्हटलं, सोडली तेव्हा. ओल लागली होती का. "नाही गं, छान होती. दर पावसाळ्यानंतर गच्चीत ऊन देत होते मी त्यांना." मी बरं म्हटलं आणि वायर उलगडत राहिले. वायर केव्हाच उलगडून झाली होती.

कार्डं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मला स्वतःलाच सांगून पाहायचंय, नक्की काय गेलं ते. माझ्या आईने मला तुमच्याकडे पाठवलं ते दहावीच्या संस्कृतसाठी, म्हणजे गुणांसाठी. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "संस्कृतात तुला भरपूर पडतील. मग काय करशील?" मी म्हटलं, इंजिनिअरिंग. "मग हे बघ, हे यंत्रच आहे," असं म्हणून तुम्ही एक कार्ड काढलंत आणि तिबेटी भाषेतला आठ हा आकडा दाखवलात. लिहितात ब, र, ग, य, द असं सगळं आणि ल्हासाचा माणूस म्हणतो नुसतं ग्ये. मी म्हटलं, मग हे लिखाण अतार्किक आहे. तुम्ही चष्मा काढून ठेवलात. "अतार्किक नाही, म्हातारं आहे. तुझ्या आजीला अतार्किक म्हणतेस का?" मग सांगितलंत की हजार-बाराशे वर्षांपूर्वी लोक ही सगळी अक्षरं खरोखर उच्चारत असणार, लडाखकडे त्यांतली काही अजून ऐकू येतात, आणि कुठल्या खोऱ्यात कुठलं अक्षर कधी पडलं याचा माग काढता येतो. मी आजवर जे काम केलं त्याचं मूळ त्या दुपारी आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला असली वाक्यं आवडत नसत.

तुमची कारकीर्द सोसायटीत कुणालाच सांगता यायची नाही. "चिनी सर" म्हणायचे तुम्हाला. तळमजल्यावरचे काका विचारायचे, "काय हो, तिबेटात मिळतं तरी काय?" आणि तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगायचात, "स्वेटर." तुम्ही पुण्याला संस्कृत शिकायला गेलात, तिथे कळलं की तुम्हाला हवा तो बौद्ध ग्रंथ मुळात हरवलाय आणि फक्त तिबेटी भाषांतरात उरलाय, म्हणून तिबेटी शिकायला घेतली. ग्रंथ बाजूला राहिला. काकूंच्या शब्दांत, "भाजी आणायला गेले आणि हिमालय घेऊन आले." मग लडाखमधले हिवाळे, जर्मन शिकणं, पुण्याच्या त्या संस्थेतला कोश. प्रत्येक शब्द सगळ्यात जुना कुठे सापडतो, आज कुठल्या खोऱ्यात कसा म्हणतात, मधल्या काळात त्याचं काय काय झिजलं, असा एकेका शब्दाचा जन्मापासूनचा हिशोब. संस्थेने तो उपक्रम बंद केला आणि तुम्हाला तुमची कार्डं घरी न्यायची परवानगी दिली. बढती मिळाल्यासारखे तुम्ही ती नाशिकला घेऊन आलात.

संस्थेची कोरी कार्डं संपल्यावर काकूंनी लग्नपत्रिका पुढे केल्या. पाठ कोरी, कागद जाड. सरकारी कार्डापेक्षा हा कागद जास्त टिकतो, असं तुम्ही मला पटवून द्यायचात. लग्नसराई संपली की सोसायटीतली माणसं आपणहून पत्रिकांचे गठ्ठे आणून द्यायची. काकू संध्याकाळी मालिका बघता बघता मापाने कापायच्या, आणि त्यांचा एक नियम होता: गणपतीवरून कात्री फिरवायची नाही. नवऱ्याचं नाव अर्धं तुटलं तरी चालेल, गणपती अखंड पाहिजे. त्यामुळे कार्डाच्या एका बाजूला तुमचं बारीक तिबेटी अक्षर आणि उलटून पाहिलं की हळदीच्या रंगात गजानन, कुणाचं तरी कुलदैवत प्रसन्न. पिसू या शब्दाच्या पाठीवर माझ्या मावशीचं लग्न होतं. आम्ही दोघं त्यावर खूप हसलो होतो. काकूंना सांगायचं नाही असं ठरलं होतं.

त्या गणपतींमुळेच ती गेली, सर. मी हे आधी ओळखायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण कसं ओळखणार? रद्दीवाला दारात येऊन बसला होता, काकू सांगतात, वजनकाटा काढून. त्याने एक कार्ड उलटं केलं आणि काटा परत पिशवीत ठेवला. "आजी, हे नको. माझ्याही घरी पोरंबाळं आहेत." गणपती रद्दीत देत नाहीत, कचऱ्यात टाकत नाहीत, पायाखाली येऊ देत नाहीत. मग राहिलं काय? काकूंनी रिक्षा केली, खेपा केल्या. "रामकुंडावर नाही नेली," त्या म्हणाल्या. "तिथे गर्दी, लोक वरून पाय देतात. सोमेश्वरला नेली, वरच्या अंगाला, वाहत्या पाण्यात." रिक्षावाल्याने विचारलं, काय आहे एवढं पोत्यांत. काकू म्हणाल्या, गणपती आहेत. तो म्हणाला, "मग थांबा, चपला काढतो." आणि अनवाणी पायाने ती पोती त्याने घाटापर्यंत वाहिली. काकूंनी हळदकुंकू वाहिलं आणि ओंजळी ओंजळीने सोडली. हे सगळं त्या मला आनंदाने सांगत होत्या. मी समोर बसून पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होते. शेंगदाणे मला आवडतात.

मला वाटलं, इथपर्यंतच आहे. एवढा धक्का पुरे. मग मी म्हटलं, आवाज शक्य तितका सपाट ठेवून, "काकू, पण ती लागणार होती ना. सरांच्या कामाला."

"आता कशाला लागणार? पुस्तक आलं की."

त्या उठल्या, देवघरात गेल्या आणि देवांच्या मागून ते घेऊन आल्या. करड्या कव्हराचं, करंगळीपेक्षा बारीक, वर हळदकुंकवाची बोटं. तुमच्या शेवटच्या आजारपणात संस्थेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी छापून पाठवलं होतं ते. मला तेव्हा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात, तुम्ही फोनवर सांगितलं होतंत, "पहिलं अक्षर छापलंय. नमुना. एकोणतीस बाकी आहेत." अक्षरशः हे शब्द. तिबेटीत तीस अक्षरं आहेत आणि तुमच्या हातात एक होतं, आणि तुम्हाला त्यातही छपाईच्या चुका सापडल्या होत्या.

"सरांनी स्वतः सांगितलं मला," काकू म्हणाल्या. "म्हणाले, झालं पुस्तक, संपूर्ण झालं. मी पेढे वाटले सगळ्या बिल्डिंगमध्ये. तू पण खाल्लास, आठवत नाही?"

आठवतं. मी सुट्टीत आलेली आहे, तुम्ही खिडकीजवळच्या पलंगावर आहात, नाकात नळी आहे. काकू पेढ्यांची बशी माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "सरांचं पुस्तक पूर्ण झालं." मी तुमच्याकडे बघते, कारण आता तुम्ही बोट वर करून दुरुस्ती करणार. तुम्ही सगळ्यांना दुरुस्त करायचात. वाण्याला, डॉक्टरांना, रेडिओला. शरणपूर रोडच्या तिबेटी बाजारात मला घेऊन गेलात तेव्हा स्वेटरवाल्या बाईंचे उच्चारही तुम्ही सुधारायला गेलात, बाराव्या शतकातल्या थाटात, आणि त्या बाई हसून म्हणाल्या, "बाबूजी, किताब मत पढ़ो, स्वेटर देखो." असा माणूस. पण त्या दिवशी तुम्ही बोट वर केलं नाहीत. माझ्याकडे बघत राहिलात, बराच वेळ. मी ते औषधाच्या गुंगीवर ढकललं आणि पेढा खाल्ला.

म्हणून आज दुपारी मला जो दुसरा धक्का बसला तो काकूंमुळे नाही. काकूंचं बरोबरच आहे. कार्य सिद्धीस गेलं की विसर्जन करायचं, हे आपल्याकडे कुणीही सांगेल. त्यांनी एका पूर्ण झालेल्या कामाचं विसर्जन केलं. ते काम पूर्ण झालंय असं त्यांना सांगणारे तुम्ही. काकूंच्या पुढ्यात बसून मी पहिल्यांदा तुमच्यावर मनात ओरडले. पुण्यात एक आख्खा गट माझी वाट बघतोय, सर. हस्ताक्षर वाचणारं यंत्र आम्ही बनवतो, आणि पहिलं मोठं काम म्हणून तुमची कार्डं घ्यायची असं मी त्यांच्या गळी उतरवलं होतं. प्रमुख म्हणाले होते, "एका निवृत्त माणसाच्या घरातली कपाटं?" मी म्हटलं होतं, हो, जगात दुसरीकडे हे नाही. कोशावर तुमचं नाव येणार होतं. तुम्हाला ओळखणारी जी मोजकी माणसं आहेत ती "काम अपूर्ण ठेवून गेलेला माणूस" म्हणून ओळखतात, तेवढं मला पुसायचं होतं. आणि ते तुम्हीच, एका वाक्याने, माझ्या आधी पाण्यात घातलंत. का? कंटाळलात? हरलात? की मरताना निदान एका माणसाच्या डोळ्यांत संपूर्ण व्हायचं होतं?

हे मी विचारलं नाही. मी फक्त म्हटलं, "सर असं कधी म्हणाले?"

काकूंनी उजवा हात पुढे केला. अंगठ्याचं पेर सुजून बाजूला वळलेलं आहे. "हा वाकत नव्हता तेव्हा. रात्रंदिवस ठणकायचा. मी त्यांना दाखवला नव्हता, उगाच कशाला. पलंगाशेजारी बसून कापत होते, तर कात्री पडली. परत धरली, परत पडली. त्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी टपालाने पुस्तक आलं, ते हातात घेतलं आणि मला म्हणाले, 'ठेव ती कात्री. झालं आपलं पुस्तक.' आपलं म्हणाले हं. मी म्हटलं, खरं? इतकंसंच? तर म्हणाले, 'बारीक टायपात आहे.'" आणि काकू हसायला लागल्या. "मी म्हटलं, एवढी पोती कापली मी आणि पुस्तक एवढुसं? म्हणाले, 'उसाचं पाहिलंस ना, मोळीभर घातला तरी पेलाभरच रस.'"

मी हसले. मला हसू येत नव्हतं, पण चेहरा हसला. तुमची तिबेटी मला अजून बरी येते, पण तुम्ही शिकवलीत ती सगळी आदराची. गुरूला बोल लावायचा तर त्यात मला एकही वाक्य जुळवता येत नाही. मराठीत येतं. मराठीतही ते अंगठ्यापाशी येऊन थांबतं. तुम्ही तीस अक्षरांचा कोश एका अंगठ्यासाठी संपवलात, की अंगठा हे निमित्त होतं, हे मला ठरवता येत नाही. पुरावा पुरेसा नाही आणि विचारायला माणूस नाही.

"यंत्र कशाला आणलंस पण?" काकूंनी विचारलं. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. खरं सांगितलं असतं तर ते एका वाक्यात सांगता आलं असतं. मला एका वाक्यात सांगायची सवय आहे. काकू माझ्याकडे बघत होत्या, अंगठा अजून मांडीवर तसाच उताणा होता. मी म्हटलं, "पुस्तकाची प्रत करायला. सरांचं पुस्तक कॉम्प्युटरवर पाहिजे ना."

मग आम्ही दोघी दुपारभर ते पुस्तक स्कॅन करत बसलो. काकूंनी हात धुतले, पदराने कोरडे केले, पानं त्यांनी उलटली. मी दिवा लावायचे, त्या पान धरायच्या, मी बटण दाबायचे. मध्येच त्या विचारायच्या, "हे काय आहे?" आणि मी सांगायचे: हा कावळा. हा खांब. हे, कान देणं, ऐकणं. "कावळ्यावर एवढं लिहिलंय?" मी म्हटलं, हो, लडाखात कावळ्याला काय म्हणतात, जुन्या पोथ्यांत काय म्हणत होते, सगळं. "बघ," काकू म्हणाल्या, "आणि त्यांना आपल्या खिडकीतला कावळा कधी दिसला नाही. मी म्हणायचे, पोळी टाका हो त्याला, केव्हाचा ओरडतोय, तर म्हणायचे, कोण?"

शेवटचं पान आलं. शब्द संपल्यावर खाली, मधोमध, बारीक इंग्रजीत एक ओळ आहे. काकूंनी त्यावर बोट ठेवलं. "आणि हे काय?"

पहिल्या अक्षराचा भाग येथे संपला, असं ते आहे.

"समाप्त," मी म्हटलं.

काकूंनी पुस्तक कपाळाला लावलं. म्हणाल्या, "हं. लिहिलंय ना तसं. मला मधूनच वाटायचं, माझं मन राखायला म्हणाले की काय. कुणाला विचारणार? आपल्याला वाचता येत नाही. तू आलीस ते बरं झालं." आणि पुस्तक परत देवांच्या मागे नेऊन ठेवलं.

हे शेवटचं वाक्य ऐकून मी स्कॅनरची मान खाली केली. तिला कुलूप असतं, ते लावलं, परत काढलं, परत लावलं. इतकी वर्षं त्यांना संशय होता, सर. कार्डं सोडताना असेल का? ओंजळीमागून ओंजळ सोडताना? हेही मी विचारलं नाही.

ऑफिसला निरोप दिलाय: मूळ साहित्य पाण्यामुळे नष्ट झालेलं आहे, परत मिळण्याची शक्यता नाही. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. प्रमुखांनी पाऊस का असं विचारलं, मी उत्तर दिलेलं नाही. सोमवारी जायचं, दुसरं काम शोधायचं. तुमचं नाव आता कुठल्या कोशावर येणार नाही. लिहून पाहिलं, लिहिता येतंय.

हे मी तुमच्याच टेबलाशी बसून लॅपटॉपवर लिहिते आहे. काकू आत भाकरी थापताहेत, डाव्या हाताने, थाप वेगळी वाजते. मघाशी त्यांनी सांगितलं, "ते पुस्तक मला मोबाइलवर पाठव. अमेरिकेतल्या भाच्याला धाडते. तो वाचेल सगळं." तो वाचेल. त्याला इंग्रजी येतं, आणि तो पहिल्यांदा शेवटचं पान उघडणाऱ्यांपैकी असू शकतो. म्हणून पाठवण्याआधी मी एक काम केलं. ती ओळ पुसली. नुसतं पांढरं करून चालत नाही, तिथला कागद पिवळट आहे, रेषा आहेत. शेजारचा तुकडा उचलून त्यावर बसवावा लागतो. मग मोठं करून पाहिलं. जोड दिसत नाही. स्कॅनची मूळ प्रत मी ठेवायला हवी होती, निदान माझ्याकडे. आमच्याकडे तो पहिला नियम आहे. ठेवलेली नाही.